मालदांडी अजून का टिकली? – संकरित ज्वारी, नर वांझपणा आणि त्यावरचा उतारा



इंजिनीअरिंग कॉलेजच्या मासिकात ज्वारीवर लेख? शीर्षक वाचून पान उलटायचा विचार असेल तर जरा थांबा. या लेखात लॉजिक गेट आहे, प्रॉडक्शनचा हिशोब आहे, ऑपरेटिंग टेम्परेचर आहे आणि शेवटी एक न सुटलेला प्रॉब्लेमसुद्धा आहे. म्हणजे आपल्या सिलॅबसच्या फार बाहेरचं काही नाही!

आपण सिंधुदुर्गात राहतो. इथे भात, पेज, घावणे, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी. ज्वारी आपल्या लाल मातीला आणि तीन हजार मिलिमीटरच्या पावसाला मानवत नाही. पण आपल्या होस्टेलमध्ये सोलापूर, सांगली, बीड, परभणीकडची बरीच मुलं आहेत. घाटावरच्या या मंडळींशी भाकरीचा विषय काढून बघा. "आमच्याकडे मालदांडीची भाकरी, हायब्रीडची नाही," असं ठासून सांगतील. आता गंमत बघा. मका, बाजरी, कापूस यांत संकरित बियाण्याने जुने वाण जवळजवळ हटवले. खरीप ज्वारीतही तेच झालं. पण रब्बी ज्वारीत मालदांडी, जी १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या शेती केंद्रावर निवडून काढली गेली, ती अजून पाय रोवून उभी आहे. असं का झालं?

त्याचं उत्तर 'चव' एवढंच नाही. एक मोठं कारण फुलाच्या आत, पराग तयार होतो त्या जागी दडलेलं आहे. थोडक्यात सांगायचं तर संकरित बियाणं बनवायला आधी झाडाचा नर वांझ करावा लागतो आणि मग शेतकऱ्याच्या शेतात तो वांझपणा पुन्हा घालवावा लागतो. पहिलं काम जमलं तरी दुसरं जमेलच असं नाही. चला तर मग, पायरी-पायरीने पाहू.

संकरित म्हणजे काय?

दोन वेगळ्या, शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीतली झाडं बऱ्याचदा दोन्ही आईबापांपेक्षा जोमदार निघतात. कणीस मोठं, दाणे जास्त, वाढ एकसारखी. या जोमाचा फायदा घ्यायचा तर शेतकऱ्याला पेरायला पहिल्या पिढीचंच बियाणं हवं, आणि ते दरवर्षी, टनावारी तयार व्हायला हवं. इथेच घोडं अडतं.

मक्याचं सोपं आहे. त्याचा नर तुरा वर शेंड्याला आणि मादी कणीस खाली, पानाच्या बगलेत. तुरा खुडला की झाड फक्त मादी उरलं. ज्वारीत मात्र एकाच फुलात पुंकेसरही आहेत आणि स्त्रीकेसरही. (मी कॉन्व्हेंटची, स्टेमेन आणि पिस्टिल पाठ होते, हे दोन शब्द मराठीत मला या लेखाच्या तयारीत भेटले.) एका फुलात तीन परागकोश, आणि एका कणसात दोन-तीन हजार फुलं सहज. बहुतेक फुलं स्वतःच्याच परागाने फळतात. म्हणजे संकर करायचा तर प्रत्येक फूल उमलायच्या आधी चिमट्याने तीन परागकोश काढून टाकायचे.

आता आपला आवडता हिशोब. एक हेक्टर पेरायला साधारण १० किलो बियाणं लागतं. हजार दाण्यांचं वजन सुमारे ३० ग्रॅम धरलं, तर १० किलोत ३ लाख ३३ हजार दाणे. प्रत्येक दाण्यामागे एक फूल. एका फुलाला एक मिनिट लागतं असं धरा. ३ लाख ३३ हजार मिनिटं म्हणजे साडेपाच हजार तासांच्या वर. रोज आठ तास काम केलं तरी एका माणसाला जवळजवळ ७०० दिवस! एका हेक्टरच्या बियाण्यासाठी दोन वर्षं. असं बियाणं कोण विकणार आणि कोण घेणार? प्रयोगशाळेत हे चालतं, कारखान्यात चालत नाही.

मग असा वाण हवा ज्याचा पराग मुळातच निकामी आहे, पण स्त्रीकेसर उत्तम आहे. याला शास्त्रीय मराठीत 'नरवंध्यत्व' म्हणतात. साध्या भाषेत नर वांझपणा. आपल्याकडे 'वांझ' हा शब्द समाज नेहमी बाईलाच चिकटवत आला आहे. इथे मात्र दोष नराचा, मादी ठणठणीत!

मिलोची देणगी

घरातल्या जुन्या माणसांना १९७२च्या दुष्काळाबद्दल विचारा. रेशनवर आलेली अमेरिकेची लाल 'मिलो' ज्वारी अनेकांना आठवेल, आणि आठवताना तोंड वाकडं होईल. तेच नाव इथे भेटतं. अमेरिकेत धान्याच्या ज्वारीला सरसकट मायलो म्हणायची पद्धत होती, आणि मूळ मायलो हा ज्वारीचा एक प्रकार.

१९५४ साली टेक्सासमधले स्टीफन्स आणि हॉलंड यांनी दाखवून दिलं, की मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर या दुसऱ्या प्रकारच्या ज्वारीचं केंद्रक आणून बसवलं की झाडाचा पराग वांझ होतो. केंद्रक आणून बसवलं म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. मायलो आई, काफिर बाप असा संकर करायचा आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा काफिरचाच पराग टाकत राहायचा. दर पिढीला केंद्रकातला मायलोचा वाटा निम्मा होत जातो. सात-आठ पिढ्यांत केंद्रक जवळजवळ पूर्ण काफिरचं होतं, पण पेशीद्रव्य मात्र पहिल्या आईचं, म्हणजे मायलोचंच राहतं.

असं का? कारण पेशीत डीएनए एकाच ठिकाणी नसतो. मोठा साठा केंद्रकात. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. छोटासा साठा तंतुकणिकांत, म्हणजे आपण शाळेत ज्याला पेशीचं पॉवर हाऊस म्हणत होतो त्या मायटोकाँड्रियात. हा साठा फक्त आईकडून मिळतो. पराग तो पुढे देत नाही.

आता पराग तयार करणं हे झाडासाठी फार ऊर्जाखाऊ काम आहे. मक्यावरच्या अभ्यासात दिसलं, की परागकोशाच्या आतल्या पोषक थराच्या पेशींत तंतुकणिकांची संख्या सुमारे ४० पट वाढते. म्हणजे पॉवर हाऊसवर सगळ्यात जास्त लोड येतो तो याच वेळी. तंतुकणिका एका घराण्याच्या आणि केंद्रक दुसऱ्या घराण्याचं, त्यांचं नीट जुळत नसेल तर पान, खोड, मूळ यांचं काम निभावून जातं, पण पराग बनताना गाडी बंद पडते. म्हणून बाकी झाड धडधाकट आणि फक्त नर वांझ. किती सुंदर दोष आहे बघा!

तीन ओळी आणि एक ऑर गेट

पण नुसता वांझपणा मिळून भागत नाही. समजा, हे वांझ झाड आई म्हणून घेतलं आणि चांगल्या बापाशी संकर केला. बियाणं तयार झालं. पण त्या बियाण्यालाही आईचंच पेशीद्रव्य मिळालं. म्हणजे शेतकऱ्याच्या शेतातली सगळी झाडं वांझ! कडब्यासाठी ठीक आहे. ज्वारीला दाणा हवा असेल तर पराग हवाच.

यावर उतारा निसर्गानेच ठेवला आहे. काही वाणांच्या केंद्रकात अशी जनुकं असतात, जी तंतुकणिकांतला बिघाड दाबून टाकतात आणि पराग पुन्हा चांगला होतो. त्यांना प्रजननक्षमता पुनर्स्थापक जनुकं म्हणतात. नाव लांबलचक आहे, आपण 'उतारा जनुक' म्हणू. ज्वारीतल्या अशा पहिल्या जनुकाची ओळख २००५ साली रेणूंच्या पातळीवर पटली. ते आठव्या गुणसूत्रावर आहे, आणि अशी जनुकं जी प्रथिनं बनवतात ती तंतुकणिकांतल्या आरएनएला जाऊन चिकटतात, असं इतर पिकांतही दिसलं आहे.

इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत हे साधं ऑर गेट आहे. दोन इनपुट घ्या. पहिलं : पेशीद्रव्य नॉर्मल आहे का? दुसरं : केंद्रकात उतारा जनुक आहे का? आउटपुट : पराग चांगला.

० आणि ० : पराग वांझ.
० आणि १ : पराग चांगला.
१ आणि ० : पराग चांगला.
१ आणि १ : पराग चांगला.

चारपैकी एकाच स्थितीत झाड वांझ. एवढ्या टेबलवर जगभरातला संकरित ज्वारीचा व्यवसाय उभा आहे. त्यातूनच तीन ओळी ठरतात.

ए ओळ : बिघाडवालं पेशीद्रव्य, उतारा नाही. वांझ. ही आई.

बी ओळ : केंद्रक अगदी ए सारखंच, उतारा नाही, पण पेशीद्रव्य नॉर्मल. म्हणून पराग चांगला. ए ओळ स्वतःचं बी स्वतः बनवू शकत नाही. तिच्यावर बी चा पराग टाकला की पुन्हा ए च मिळते. म्हणून बी ला 'राखणारी' ओळ म्हणतात.

आर ओळ : केंद्रकात उतारा जनुकाच्या दोन्ही प्रती. हा बाप.

ए आणि आर यांचा संकर म्हणजे शेतकऱ्याला विकलं जाणारं बियाणं. त्याला पेशीद्रव्य मिळालं बिघाडवालं, पण उताऱ्याची एक प्रत बापाकडून आली. आउटपुट १. दाणे भरले!

बियाण्याच्या शेतात

बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये साधारण चार ओळी ए च्या, दोन ओळी आर च्या अशा पेरतात, आणि चारही कडांना आर च्या ओळी. वाऱ्याने पराग उडतो, ए वर पडतो. ए ची कणसं वेगळी कापली की ते संकरित बियाणं. आजूबाजूला दुसरी ज्वारी नको म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटरचं अंतर ठेवतात.

वाचायला सोपं, करायला डोकेदुखी. दोन्ही ओळी एकाच वेळी फुलायला हव्यात. बापाला फुलायला आठवडा उशीर होत असेल तर त्याला आधी पेरायचं. ए च्या ओळीत एखादं बी चं झाड घुसलं, तर दिसायला तंतोतंत सारखं, पण ते पराग सोडतं आणि आजूबाजूचं बियाणं बिघडवतं. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत पहाटेपासून माणसं ओळींतून फिरतात आणि भेसळीची झाडं उपटतात. उशीर झाला तर लॉट नापास. संकरित ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ९५ टक्के आनुवंशिक शुद्धता लागते.

आता एक प्रश्न इथल्या प्रत्येक घरात विचारला जाईल. आमची आजी तर विचारेलच, "दरवर्षी बियाणा इकतच घेवचा?" हो, घ्यावंच लागतं, आणि त्याचं कारण फक्त व्यापार नाही. संकरित झाडात उताऱ्याची एकच प्रत असते. त्याचं धान्य घरी राखून पुन्हा पेरलं, तर उतारा एकाच जनुकाचा आहे असं धरून पुढच्या पिढीत सरासरी चारात एका झाडाला उताऱ्याची एकही प्रत मिळत नाही. पेशीद्रव्य तर सगळ्यांचं बिघाडवालंच. म्हणजे २५ टक्के झाडं नर वांझ. शेजारच्या झाडांच्या परागाने त्यांत थोडे दाणे भरतीलही, पण शेत एकसारखं राहत नाही. शिवाय जोमही एका पिढीत साधारण निम्मा होतो. राखलेलं हायब्रीड बियाणं म्हणजे फाटका खिसा.

सी.एस.एच.-१ : भारतातली सुरुवात

भारतात संकरित ज्वारीचा पहिला वाण आला १९६४ साली. नाव सी.एस.एच.-१. आई 'सीके-६० ए' अमेरिकन काफिर घराण्याची, बाप 'आयएस ८४'. आपले जुने खरीप वाण दहा-बारा फूट उंच आणि चार-साडेचार महिन्यांचे. हा बुटका आणि सुमारे १०० दिवसांचा. पाऊस लवकर संपला तरी हाती काहीतरी लागणार. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी तो उचलून धरला, आणि खेड्यांत 'हायब्रीड' हा शब्द ज्वारीचंच दुसरं नाव झाला. पुढे सी.एस.एच.-५, सी.एस.एच.-९, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ओळींतून आलेला सी.एस.एच.-१४ असे वाण येत गेले. खरिपाचं बहुतेक क्षेत्र संकरित झालं.

पण लवकर पिकण्याची एक किंमत होती. दाणा भरतो तेव्हा परतीचा पाऊस चालू असतो. दाण्यावर बुरशी येते, दाणा काळा पडतो. काळ्या दाण्याला बाजारात भाव नाही, त्याची भाकरीही चांगली होत नाही. 'हायब्रीड' या शब्दाला जो कमीपणा चिकटला, त्याला हे मोठं कारण आहे. गुन्हा पावसाचा आणि वेळापत्रकाचा, शिक्षा शब्दाला!

थंडीची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खरिपात जे जमलं ते रब्बीत का जमलं नाही?

रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. पाऊस संपलेला असतो, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर पीक वाढतं. ते पोटरीत येतं, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असतं, तेव्हा नोव्हेंबर संपत आलेला असतो किंवा डिसेंबर लागलेला असतो. नेमका त्याच वेळी आत पराग तयार होत असतो. आणि नेमकी त्याच वेळी सोलापूर, नगर, मराठवाडा भागात थंडी वाढते. रात्रीचा पारा कधी १० अंश सेल्सिअसच्या खाली जातो.

उतारा जनुकाचं काम तापमानावर अवलंबून असतं, ही इथली मेख आहे. खरिपात उत्तम उतारा देणारा बाप थंडीत कच्चा पडतो. परागकोश बारीक, सुकलेले राहतात, पराग कमी, आणि कणसात दाण्यांऐवजी रिकामी टरफलं दिसतात. आपण डेटाशीटमध्ये ऑपरेटिंग टेम्परेचर बघतो ना? २५ अंशांना झकास चालणारा सर्किट उणे तापमानात चालेलच असं नाही. तसंच हे. ऑर गेटचं दुसरं इनपुट थंडीत धड १ ही नाही आणि धड ० ही नाही, मधेच लोंबकळतं.

मालदांडीला हा प्रश्नच येत नाही. तिचं पेशीद्रव्य आणि केंद्रक एकाच घराण्याचं, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेलं आणि थंडीतच निवडलं गेलेलं. तिला उतारा लागतच नाही, कारण बिघाडच नाही.

परागाअभावी दुसरं संकटही येतं. अरगट नावाची बुरशी फुलाच्या स्त्रीकेसरावाटे आत शिरते आणि कणसातून मधासारखा चिकट द्रव गळू लागतो. वेळेवर पराग पडून फूल फळलं तर बुरशीला वाट मिळत नाही. पराग नसेल तर फूल उघडं पडून राहतं. म्हणजे उतारा कच्चा पडला तर दाणा तर जातोच, वर रोगाला आमंत्रण.

शास्त्रज्ञ गप्प बसले होते असं नाही. १९७०च्या दशकापासून सी.एस.एच.-८ आर, १२ आर, १३ आर, १५ आर, १९ आर असे रब्बीसाठी संकरित वाण आले. (इथला 'आर' म्हणजे रब्बी, वरची आर ओळ नव्हे!) पण थंडीत दाणे भरणं ही एकच अट नव्हती. खोडमाशीला तोंड द्यायला हवं, दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकदार हवा, कडबा जनावरांनी आवडीने खाल्ला पाहिजे. हे सगळे गुण देशी रब्बी वाणांत आहेत. मग आई-बाप दोघंही देशी रब्बी वाणांतूनच घ्यायचे, तर ते एकमेकांचे भाऊबंद निघतात. नातं जवळचं असेल तर संकराचा जोम कमी. लांबचा बाप आणावा तर थंडी, खोडमाशी आणि दाण्याची प्रत आडवी येते. आणि जोम थोडा, बियाणं महाग, शेती कोरडवाहू, तर शेतकरी दरवर्षी नवं बियाणं कशाला घेईल? त्याचा हिशोब बरोबरच आहे.

म्हणून रब्बीत मोठं यश मिळालं ते सरळ वाणांना. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा, परभणीच्या विद्यापीठाचा परभणी मोती हे त्यांतले. यांचं बी शेतकऱ्याला घरी राखता येतं. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

मालदांडीच्या पोटातली गोष्ट

आता या कथेतला खरा ट्विस्ट. १९६२ साली एन. जी. पी. राव यांनी भारतीय ज्वारीतल्या नर वांझपणाची नोंद प्रसिद्ध केली. त्यात वांझपणा देणाऱ्या पेशीद्रव्यांत एक होतं एम ३५-१, म्हणजे आपली मालदांडी! तिच्या स्वतःच्या केंद्रकाशी तिचं छान जमतं. पण तिच्या पेशीद्रव्यात दुसऱ्या काही वाणांचं केंद्रक आणून बसवलं, की पराग वांझ.

म्हणजे मायलोला पर्याय आपल्याच अंगणात होता. मग तो का नाही वापरला गेला? पुन्हा तेच उत्तर : उतारा. मायलोच्या वांझपणावर उतारा देणारे बाप भरपूर सापडतात. मालदांडीच्या वांझपणावर उतारा देणारे फार थोडे. कुलूप पक्कं, पण किल्ली दुर्मीळ. म्हणून व्यापारी संकरित ज्वारीची जवळजवळ सगळी इमारत मायलोच्या एकाच पेशीद्रव्यावर उभी राहिली. ज्या मिलोच्या नावाने आजी-आजोबा तोंड वाकडं करतात, तिचा अंश आपल्या खरीप ज्वारीच्या पेशी-पेशीत आहे.

एकच पाया असला तर?

हे फक्त पुस्तकी कुतूहल नाही. १९७० साली अमेरिकेत मक्याचं सुमारे १५ टक्के पीक एका करपा रोगाने गेलं. कारण तिथल्या बहुतेक संकरित मक्यात 'टेक्सास' नावाचं एकच वांझ पेशीद्रव्य होतं. ज्या प्रथिनामुळे पराग वांझ होत होता, तेच प्रथिन तंतुकणिकांना त्या बुरशीच्या विषापुढे उघडं पाडत होतं. सोयीचा दोष हाच मरणाचा दरवाजा ठरला.

आपल्याकडे बाजरीत वेगळ्या प्रकारे तसंच घडलं. १९६५ साली लुधियानाहून एच.बी.-१ हा पहिला संकरित वाण आला. आई अमेरिकेतली 'टिफ्ट २३ ए'. पुढचे वाणही याच आईवर बेतले गेले, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने शेतंच्या शेतं गेली. तिथे दोष पेशीद्रव्याचा नव्हता, सगळीकडे एकच आई असल्याचा होता. धडा मात्र एकच. बॅकअप नसलेली सिस्टीम चालते तोवर चालते. ज्वारीतल्या मायलो पेशीद्रव्यावर असं संकट आलेलं नाही. पण दुसरा पाया तयार ठेवायचा तर मालदांडीसारख्या पेशीद्रव्यांच्या किल्ल्या शोधून ठेवायला हव्यात.

आणि आपलं कोकण?

ज्वारी आपली नाही, पण हेच गणित आपल्या भातात आहे. चीनमध्ये १९७० साली हैनान बेटावर रानटी भाताचं एक नर वांझ रोप सापडलं. युआन लाँगपिंग यांच्या गटाने त्यावरून तीन ओळींची पद्धत बसवली आणि १९७६पासून संकरित भात तिथे मोठ्या क्षेत्रावर गेला. त्याच वांझ पेशीद्रव्याची 'आयआर ५८०२५ ए' ही ओळ फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तयार केली. आणि तीच आई घेऊन दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने १९९८ साली 'सह्याद्री' हा संकरित भात दिला. पुढच्या सह्याद्री २, ३, ४ यांची आई तीच, बाप मात्र कर्जतच्याच ओळी.

इथे थंडीची कटकट नाही. आपलं भात निसवतं तेव्हा ऑक्टोबर हीटची तयारी चाललेली असते! अडचण वेगळीच आहे. भाताच्या ए ओळीची लोंबी पानाच्या आवरणातून पूर्ण बाहेर येत नाही आणि पराग फार लांब उडत नाही. म्हणून बीजोत्पादनात लोंबी बाहेर काढायला जिबरेलिक ॲसिडची फवारणी करतात, आणि फुलोऱ्याच्या वेळी दोघं जण दोन टोकांना दोरी धरून ती पिकावरून ओढत नेतात, म्हणजे पराग उडून आईवर पडतो. तेव्हा गावात कुणी सह्याद्रीचं भात बियाण्यासाठी राखून ठेवत असेल तर वरचा चारात एकाचा हिशोब जरूर समजावून सांगा. भातात उतारा जनुकं एकाहून जास्त असल्याने आकडा थोडा बदलेल, पण निष्कर्ष तोच.

करून बघण्यासारखं

घाटावरच्या मित्रांसाठी एक छोटा प्रयोग. फुलोरा यायच्या आधी संकरित ज्वारीच्या चार-पाच कणसांना कागदी पिशवी घाला आणि तोंड बांधून टाका. बाहेरचा पराग आत जाणार नाही. पंधरा-वीस दिवसांनी पिशवी काढा. कणीस गच्च भरलेलं असेल तर उतारा पक्का. रिकामं असेल तर वांझ. अर्धवट भरलं असेल तर उतारा कच्चा. पैदासकार आर ओळी तपासतात त्याही याच साध्या पद्धतीने. जानेवारीत सुट्टीवरून येताना आकडे घेऊन या, आणि पोटरीच्या दिवसांतलं रात्रीचं किमान तापमान वर्तमानपत्रातून टिपून आणा. ग्राफ आपण इथे काढू.

महाराष्ट्रात १९६०च्या सुमारास ज्वारीखाली ६० लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. आज ती निम्म्याहूनही बरीच कमी झाली आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, पोस्टर लागले, भाषणं झाली. पण कोरडवाहू शेतकऱ्याला जास्त दाणा हवा असेल, तर डिसेंबरच्या आठ-नऊ अंशांच्या रात्रीही न डगमगणारा उतारा हवा आणि मालदांडीच्या कुलपाची किल्ली हवी. हैदराबादची भारतीय भरडधान्य संशोधन संस्था, तिचं सोलापूरचं रब्बी ज्वारी केंद्र आणि आपली कृषी विद्यापीठं यांच्यापुढचं काम हे आहे. त्यात सेन्सर लागतात, डेटा लागतो, थंडीची कृत्रिम खोली लागते, कणसाच्या फोटोवरून दाणे मोजणारं सॉफ्टवेअर लागतं. मित्रांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? विषय समोर आहे!